अन्वर मास्तरांच्या दोन बरण्या

कळंबच्या डबक्यावर तेल ओतत होतो, तेव्हा अन्वर मास्तर गेल्याचा निरोप आला. दोन दिवसांचा ताप, बस्स. डास मरावेत म्हणून साचलेल्या पाण्यावर तेल सोडायचं, ही माझी नोकरी... आणि पाण्यावरचं तेल जातं कसं, हा मास्तरांचा ध्यास. आमची दोस्ती जमली कशी, देव जाणे.

मास्तर कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि भिसेगावात माझ्या शेजारच्या खोलीत राहत. त्यांचं मूळ घर किनाऱ्यावर, तिथे भाऊ मासेमारी करायचा. लढाईत बुडालेल्या बोटींचं काळं तेल तिथे वाहून आलं, भावाची जाळी बरबटली, मासळीला तेलाचा वास येऊ लागला. भाऊ होडी मोडायची भाषा करू लागला. समुद्रात तेल खाणारे बारीक जंतू असतात, असं मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलेलं. ते दोन बरण्या भरून समुद्राचं पाणी घेऊन आले. एकीतलं उकळून जंतू मारले, दुसरीतलं तसंच ठेवलं आणि दोन्हींत तेच काळं तेल सोडलं. जंतूंना हवा लागते म्हणून तोंडं उघडी. शिवाय रोज सकाळी दोन्ही बरण्या हलवायचे.

“फरक दिसला की भावाला कळवतो, दम धर म्हणून,” असं म्हणायचे.

मी चिडवायचो, “मास्तर, मी तेल ओततो नि तुमी ते खाणारे पाळता. माझ्या पोटावर पाय देताय.”

सुट्टीत ते गावी गेले, बरण्या माझ्यावर सोपवून. मी रोज हलवल्या. पण उघडं पाणी म्हटलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही... तवंग विरळ दिसला की हात आपसूक माझ्या तेलाच्या डब्याकडे जायचा. दोन्हींत थोडं थोडं तेल सोडत राहिलो.

मास्तर परतले, बरण्या उजेडात धरल्या. “दोन्हींत सारखंच हाय रं,” एवढंच बोलले. त्याच दिवशी भावाला पत्र गेलं आणि महिन्याभरात त्याने होडी मोडली. ते ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: फरक माझ्याच तेलाने झाकला होता. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. भित्रा मी, दुसरं काय.

बरण्या आता माझ्याकडे आहेत. तेलाचा डबा मी आता घरात आणत नाही. उकळलेल्या पाण्यावर तवंग काळा, तस्साच आहे. दुसरीतला मात्र फाटलाय, खालचं पाणी गढूळ झालंय... मास्तरांचं खरं होतं. भावाला सगळं लिहून कळवलं, माझ्या हातच्या तेलासकट. उत्तर नाही. एका जागी बसवत नाही मला. सकाळ झाली की बरण्या हलवतो, उजेडात धरतो आणि सवयीने शेजारच्या दाराकडे वळतो. दाराला कुलूप आहे.