अकरा गाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं तो समजतो. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी सुरतेत साड्यांच्या गोदामात माप घेते. तागा टेबलावर सोडायचा, मोजायचा, चिठ्ठीवर आकडा लिहायचा. नववीतून शाळा सुटलेल्या बाईला पंख्याखालचं काम मिळालं, शेठ अहो-जाहो करतात — मी रोज मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते. परवा ते नव्या पोरींना म्हणाले, "या बेनचं माप परत बघायचं नाय." पोरी हसल्या, मीही हसले. मग तोच तागा मी तीनदा मोजला.

माझं माप!

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या अलीकडं आमचं गाव. गावात दोन शाळा. आमची संस्थेची, तिथं शेतवाल्यांची पोरं. ओढ्यापलीकडं वस्तीत जिल्हा परिषदेची, तिथं वस्तीतलीच, सगळी बौद्ध घरांतली. एका गावात राहून आम्हाला एकमेकांची नावंही धड ठाऊक नव्हती. मी आठवीत असताना दोन्ही शाळांनी मिळून एक काम काढलं — गावातल्या विहिरींचं पाणी मोजायचं. जोडीत एक आमच्या शाळेचा, एक तिकडचा. प्रत्येक जोडीला एक विहीर. दोराला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला दगड; कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते लिहायचं. सोमवारी एकानं, गुरुवारी दुसऱ्यानं. दोर ज्याचा त्याचा, वही ज्याची त्याची. आणि जोडीच्या वह्या एकमेकींसमोर शेवटीच उघडायच्या, एकमेकांचं बघून कुणी लिहू नये म्हणून.

माझी जोडीदारीण सुजाता. विहीर निघाली वस्तीची.

काकूनं पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या विहिरीला हात लावून आलीस तर माज्या चुलीपाशी येऊ नको." पण हे मी काकूवर ढकलू का? आमच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी जातच होत्या की तिकडच्या विहिरींवर. घरी सांगत नव्हत्या, एवढंच. माझ्यावर कोण पाळत ठेवून होतं? कुणी नाही.

मी गेले नाही. दर सोमवारी दोर दप्तरात घालून आमच्या कडब्याच्या गंजीमागं बसायचे. पहिला आकडा वस्तीच्या शाळेतल्या बाईंनी मोजून दिलेला — चौदा. पुढचे माझे. उन्हाळा तोंडावर, पाणी खाली जाणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. साडेचौदा. पंधरा. अक्षर माझं देखणं. सर वर्गात वही उंच धरायचे — "असं काम पाहिजे!"

शनिवारी दोन्ही शाळा एका सतरंजीवर बसायच्या. सुजाता माझ्यासाठी मीठ लावलेल्या चिंचा आणायची. त्या मी खाल्ल्या. तिच्या चिंचा चालल्या — तिची विहीर चालली नाही.

मग उमरीला तक्ते मांडायचे ठरले. तिथून निवडलेल्या जोड्या नांदेडला जाणार. आदल्या दिवशी वह्या उघडल्या. विहीर एकच. माझ्या वहीत पाणी पायरी-पायरीनं उतरलेलं. आणि सुजाताच्या वहीत एका गुरुवारी — पंधरावरून एकदम अकरा. भर फाल्गुनात पाणी चार गाठी वर?

"हे काय गं? झोपेत मोजलंस का?" आमचे सर म्हणाले. सगळी हसली.

"सर, पाटाला पाणी सुटलतं. त्याचा पाझर लागतो आमच्या विहिरीला."

सर रोज नांदेडहून ये-जा करणारे, त्यांना पाट काय ठाऊक! तिच्या बाई काही बोलायला गेल्या, तर सर म्हणाले, "बाई, वही बघा की. किती खाडाखोड!" खाडाखोड होतीच. ओल्या हातानं लिहिलेली वही होती ती.

मला मात्र ठाऊक होतं. त्याच आठवड्यात आमच्या भुईमुगाला त्याच पाटाचं पाणी चालू होतं. बापासोबत दारं धरायला मी स्वतः पोटरीभर पाण्यात उभी होते! आणि पुढच्याच सोमवारी गंजीमागं बसून मी लिहिलं होतं — साडेपंधरा.

सरांनी मला विचारलं, "तू नीट मोजलं होतंस ना?"

"हाव सर. दोनदा मोजलं."

दोनदा. तेही कुणी विचारलं नव्हतं.

तक्त्यावर माझे आकडे चढले. सुजाताच्या नावावर पांढरा कागद चिकटवला. नांदेडच्या जीपमध्ये जोडीऐवजी मी एकटी गेले, बक्षीसही घेतलं. गावात बोलणं सुरू झालं — तिकडच्या पोरांना मोजता येत नाही. वस्तीच्या बाईंनी सांगून टाकलं, आमची लेकरं हसू करून घ्यायला येणार नाहीत. ती सतरंजी पुन्हा अंथरली गेली नाही.

सुजातानं एकदाच विचारलं, "तू एकदा तरी आलतीस का गं?"

"आलते की."

तिचं घर विहिरीला लागून होतं. तिला काय कळलं नसेल?

पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली. काही वर्षांनी लग्न झालं. सुरतेला निघाले त्या दिवशी ती उमरीच्या स्टँडवर भेटली, कॉलेजची बॅग खांद्याला. "शाळा सोडलीस म्हणं? बाहेरून दहावी दे. फॉर्म मी आणून देते," म्हणाली. बस लागायला अर्धा तास होता. तो अर्धा तास मी तिला सुरत कशी असते ते सांगत बसले. तोवर मी सुरत बघितलीही नव्हती.

त्या गुरुवारी वस्तीच्या विहिरीचं पाणी अकरा गाठींवर होतं. सुजातानं ते मोजलं होतं. मी त्या विहिरीत आजपर्यंत डोकावलेली नाही.