बाकावरची गिऱ्हाइकं

आमच्या ह्यांच्या दुकानात एक बाक होता आणि त्या बाकावर दर रविवारी पाच जण येऊन बसायचे. त्यांना हे गिऱ्हाईक म्हणायचे. मी काय म्हणायचे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

दुकान मॉडेलचं. म्हणजे डब्यात विमानाचे, जहाजाचे, रणगाड्याचे प्लॅस्टिकचे बारीक बारीक सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि महिनाभर डोळे फोडून घेतले की तळहाताएवढं विमान तयार होतं. ते उडत नाही. चावी द्यायची सोयसुद्धा नाही. कपाटावर ठेवायचं आणि बायकोला बजावायचं, याला फडकं लावशील तर खबरदार. याला छंद म्हणतात. मी वीजबिलाच्या खिडकीत बसून नोकरी केली, दिवसभर माणसांची तोंडं पाहिली, त्यामुळे छंद या शब्दाबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही.

हे मुळात पंपाच्या कारखान्यात नकाशे काढायचे. ती नोकरी सुटली तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? किराणा घालावा, झेरॉक्सचं मशीन घ्यावं. ह्यांनी हे दुकान टाकलं. मी विचारलं, "अहो, पण हे घेणार कोण?" तर म्हणाले, "ज्याला कळतं तो घेईल." पुढे मला उमगलं की ज्याला कळतं तो कधीच घेत नाही. तो येतो, डबा उलटासुलटा करतो, विमानाच्या शेपटीचा रंग चुकलाय म्हणून तासभर भाषण देतो आणि डबा जागेवर ठेवून जातो.

एका बाजूला चष्म्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मधे आमचा अरुंद गाळा. जमिनीपासून छतापर्यंत डबे. गोंदाचा आणि थिनरचा असा वास की दहा मिनिटांत डोकं धरावं. खिडकीपाशी टेबल, त्यावर दिवा, भिंग, चिमटे, ब्लेडं, आणि टेबलासमोर तो बाक. वापरायला सगळं सगळ्यांना मोकळं. गिऱ्हाइकाने इथे बसावं, शिकावं, चुकलं तर विचारावं, ही ह्यांची रीत. डबा विकतानासुद्धा गिऱ्हाइकासमोर उघडून एकेक भाग तपासून द्यायचे. एखादा कमी निघाला तर स्वतःच्या सुट्या भागांच्या डब्यातून शोधून द्यायचे, नाहीच सापडला तर कापून-घासून करून द्यायचे. अशाने धंदा होतो का? पण सांगायचं कुणाला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती बहीण आमच्याकडे कायमची मुक्कामाला होती.

आता पाच जणांची ओळख करून देते. पहिला दातांचा डॉक्टर, मी त्याला दातवाला म्हणते. दुसरा सेनापती. हा आयुष्यभर एका कचेरीत फायली सरकवत होता, पण रणगाडे जोडायचा आणि कुठल्या लढाईत कुणी काय करायला हवं होतं ते ठणकावून सांगायचा. तिसरा कोठीवाला. याने जन्मात एक मॉडेल पुरं केलं नाही. नुसते डबे आणून कपाटात रचायचे, उघडायचेसुद्धा नाहीत. उरलेल्या दोघांचं काम हो ला हो करणं. पाचही जण ह्यांना 'उस्ताद' म्हणायचे. एवढं म्हटलं की हे विरघळायचे आणि मला म्हणायचे, "चहा टाकतेस ना?"

सुरुवातीला खरंच घ्यायचे हो काही ना काही. नाही असं नाही. मग मोबाइल आले. मग काय व्हायला लागलं तर ही मंडळी बाकावर बसून डबा हाताळायची, ह्यांना विचारायची, "उस्ताद, हे चांगलं की ते?" हे जीव तोडून सांगायचे. सांगून झालं की तिथेच बसल्या बसल्या, आमच्याच पंख्याखाली, आमचाच चहा पीत मोबाइलवरून तेच किट दुसरीकडून मागवायचे. लाज म्हणून दुकानाबाहेर तरी जावं! छे.

आणि यावर कडी ऐका. घरी बायका ओरडतात, आणखी एक डबा आणलात तर बघा, म्हणून ती पार्सलं मागवायची आमच्या दुकानाच्या पत्त्यावर. पार्सलवाला यायचा, हे सही करून घ्यायचे. ज्यांनी आमच्या पोटावर पाय दिला त्यांच्या मालाची राखण आमचे हे करणार, वर प्लॅस्टिक वाकेल म्हणून उन्हातून उचलून सावलीत ठेवणार! मी एकदा म्हटलं, "अहो, त्यांच्या मुलांच्या शाळेची दप्तरंपण सांभाळा." तर म्हणाले, "अगं, त्या निमित्ताने दुकानात येतात तरी."

मग एके दिवशी माल पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस आला. चांगला होता बिचारा, खाली मान घालून बोलला. "दादा, सुटा माल आता वरूनच बंद झालाय. वर्ष संपायच्या आत पेट्याच्या पेट्या उचलाल तर तुमचं नाव यादीत राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही." नाव गेलं की माल नाही, माल नाही की दुकान नाही. सरळ हिशोब होता. ह्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी ह्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाकडे तरी काही मागितलं. मी तिथेच होते. हातातलं फडकं पिळत, कपाटाकडे बघत म्हणाले, "तुम्ही नाहीतरी घेताच. या खेपेला माझ्याकडून मागवाल का? पाच जणांनी मिळून घेतलं तर पेट्या भरतील. दुकान राहील."

दातवाला ताडकन उभाच राहिला. "अहो उस्ताद, एवढंच ना? आम्ही काय मेलो का? ते तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज माझ्यासाठी धरा." सेनापती म्हणाला, रणगाड्यांची अख्खी तुकडी त्याची. कोठीवाला म्हणाला, "माझी तर तुम्ही पेटीच धरा हो." उरलेले दोघे हो हो म्हणाले. मग सेनापतीने असं दुकान जगवणं हे कसं सगळ्यांचं कर्तव्य आहे यावर भाषण ठोकलं आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला.

हे घरी आले ते हवेतच. "बघ, तू नावं ठेवत होतीस. मी माणसं जोडून ठेवलीत."

"जोडलीत खरी," मी म्हटलं, "गोंद सुकलाय का तेवढं बघा."

रागावले माझ्यावर. दोन दिवस बोलले नाहीत. पण दुकानातली फळीन् फळी पुसून काढली, पेट्या ठेवायला कोपरा मोकळा केला, दारावरचा बोर्ड स्वतः रंगवला. कितीतरी वर्षांनी शीळ घालत होते. मला बघवत नव्हतं.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मंडळी येत होती, बसत होती, चहा ढोसत होती. ऑर्डरचं नाव कुणी काढेना. मी म्हटलं, "अहो, स्पष्ट विचारा की! तारीख उलटून जाईल." तर म्हणे, "एकदा सांगितलंय. परत परत विचारणं बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! दुकान बुडालेलं बरं दिसणार होतं जसं काही.

मुदत संपायच्या आधीच्या रविवारी मी चहाचा थर्मास घेऊन दुकानात गेले तर काउंटरवर एक भलंमोठं पार्सल. दोन दिवसांपूर्वी आलं होतं, दातवाल्याच्या नावाचं, सही अर्थात ह्यांची. दातवाला आला, आमच्याच ब्लेडने त्याने ते फाडलं. आत जहाज. तीन डोलकाठ्यांचं.

दातवाला घसा साफ करून म्हणाला, "अहो, सेल लागला होता उस्ताद. राहवलंच नाही. तुमच्याकडून दुसरं काहीतरी घेईनच ना मी." कोठीवाल्याने लगेच मोबाइलकडे मान वळवली. त्यावरून मी काय ते समजले. त्याचीही पेटी वाटेत असणार.

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? सवयीने डबा पुढे ओढला आणि भाग तपासायला लागले! तपासून म्हणाले, "मधली डोलकाठी नाहीये."

"बघा!" दातवाला चिडला. "हे ऑनलाइनवाले असेच. यांना जाब विचारायला समोर कुणी माणूसच नसतो." आणि समोरच्या माणसाकडे बघत बसला. ह्यांनी मुकाट्याने आपला सुट्या भागांचा डबा काढला, एक काडी निवडली, अर्धा तास घासून घासून मापाला आणली आणि त्याच्या हातात ठेवली. उस्ताद, उस्ताद म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय हो डॉक्टर," मी विचारलं, "कुणाचा दात पडला तर तुम्हीपण असाच फुकट बसवून देता का?"

"वहिनी फार विनोदी आहेत," दातवाला म्हणाला आणि कप पुढे केला. मी त्यात चहा ओतला नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी एजन्सीच्या माणसाला फोन करून जमणार नाही म्हणून सांगितलं. महिन्याभरात गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचं ठरलं. ह्यांनी आदळआपट केली नाही, कुणाला दोष दिला नाही. उरलेला माल एका गाडीत भरून दुसऱ्या एका व्यापाऱ्याला दिला आणि फळ्या परत एकदा पुसल्या.

आणि मग बघा, मंडळींना काय पान्हा फुटला! आता काही द्यायला लागणार नव्हतं ना. दातवाल्याने दुकानाचा फोटो मोबाइलवर टाकला, खाली लिहिलं, एक पर्व संपलं. शेकडो लोकांनी हळहळ व्यक्त केली, रडक्या तोंडाची चित्रं टाकली. त्यातल्या एकाने जरी मधल्या काळात रंगाची एक बाटली नेली असती! पण नाही. जिवंतपणी पाणी विचारायचं नाही आणि मेल्यावर खांदा द्यायला ही गर्दी.

शेवटच्या रविवारी पाचही जण नटूनथटून आले. हातात एक खोकं, वर चमकीचा कागद. सेनापतीने भाषण केलं. मग खोकं उघडलं, आणि आत आमचं दुकान. मॉडेल केलेलं. सगळ्यांनी मिळून, चोरून, महिनाभर खपून.

कबूल करते, काम सुरेख होतं. शटरच्या पट्ट्या, बाजूच्या चष्म्यांच्या दुकानाची भिंत, पंखा, फळ्यांवर तिळाएवढे डबे, टेबल, दिवा. टेबलासमोर बाक, बाकावर पाच माणसं. सेनापतीची टोपी, दातवाल्याचं पोट, सगळं ओळखू येत होतं. ह्यांनी भिंग घेतलं आणि चेहरा उजळला. "पंख्याची पाती कशाची केलीत? पत्रा फार पातळ मिळालाय." त्यांनी हौसेने सांगितलं, कुठल्या ऑनलाइन दुकानातून काय मागवलं ते. हे वाकून वाकून बघत राहिले. मग काउंटरच्या मागे भिंग नेलं आणि बराच वेळ तिथेच धरलं.

"मी नाही दिसत यात," हे म्हणाले.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. "त्याचं काय झालं उस्ताद," दातवाला म्हणाला, "बसलेल्या माणसांचा संच मिळाला, बरोब्बर पाचांचा. उभा माणूस या मापात मिळालाच नाही. पण तुम्ही आत असाल की हो! मागे, माल काढत!" सगळे हसले. हेसुद्धा हसले.

पंख्याचं पातं करता येतं, तिळाएवढे डबे करता येतात, एक माणूस करता येत नाही. मी तोंड उघडणार होते, पण ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चमकीच्या कागदाचा बोळा केला.

जाताना कोठीवाल्याने विचारलं, "तो सुट्या भागांचा डबा आता तुम्हाला काय उपयोगाचा?" हे म्हणाले, "न्या." त्याने नेला. दातवाला पायरीवर थांबून म्हणाला, "आता रविवारी बसायचं कुठे, हाच मोठा प्रश्न आहे." खरोखर काळजीत होता तो.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "द्या ते इकडे. कचऱ्याच्या डब्यात घालते."

"नको. काम चांगलं आहे."

हे बाकावर बसले. त्या बाकावर ह्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "मला वाटायचं, ते माझ्याकडे येतात. किटं काय, कुठूनही घेतील. पण येतात माझ्याकडे, असं वाटायचं."

माझा नवरा वेडा होता हे मी रोज म्हणत आले होते, पण त्या क्षणी मला त्या पाचांची इतकी किळस आली आणि ह्यांच्यावर इतकी माया आली की मी जाऊन ह्यांच्या शेजारी बाकावर बसले.

हे उठले, टेबलावरचा दिवा लावला, ब्लेड घेतलं. मॉडेल पुढे ओढून बाकावरच्या माणसांखाली ब्लेडचं टोक हलकेच सरकवलं आणि एकेक माणूस सोडवला. बाकाच्या रंगाला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. पाचही जण माझ्या तळहातावर ठेवले.

मग भिंगातून रिकाम्या दुकानाकडे एकदा नीट बघितलं. "आता बरोबर झालं," म्हणाले.

मी मूठ मिटली आणि शटर ओढायला उठले.