रेस संपली की जातो

आमच्या घरात समुद्राचा संबंध बांगड्यापुरता. नवऱ्याचे आजोबा मालवणकडून बोटीने गिरणीत कामाला आले, ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. मी एकदा एलिफंटाला गेले होते, तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा ओकले. असं असताना मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत, दिवाळीच्या चकल्या मऊ पडायला लागलेल्या, आणि आम्ही दोघं नवराबायको कॉम्प्युटरसमोर बसून अटलांटिक महासागरातल्या वाऱ्यावरून भांडत होतो. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

नवरा मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला होता, कांजूरमार्गच्या ऑफिसात. भांड्याचं झाकण, झाकणाचं रबर, भांड्याखाली फिरतो तो कपलर, असल्या गोष्टी कागदावर आणि पुढे कॉम्प्युटरवर काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. आम्ही ज्युनिअर कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. सासूबाई जाईपर्यंत त्यावरून नाराज होत्या. कुणाच्या घरी गेलो की हा आधी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकवायचा. ओट्यावर त्यांच्या कंपनीचा मिक्सर दिसला की स्वारी खूश. दुसऱ्या कंपनीचा दिसला की घरी येईपर्यंत त्या मिक्सरचे दोष ऐकून घ्यायचे.

मग कंपनीने कुठल्यातरी परदेशी कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर घेतलं. नवीन वस्तू बनवणाऱ्यांसाठीच असतं म्हणे ते. नवीन काही काढायच्या आधी त्याला विचारायचं, असा भाग आपल्याकडे आधी कुणी काढलाय का? ते सगळी जुनी ड्रॉइंगं, जुने रिपोर्ट धुंडाळून पुढ्यात ठेवणार. त्याला शिकवायचं काम नवऱ्याकडे आलं, कारण सगळ्यात जुना तोच. तो त्यावर इतका भाळला की मी त्याला सवत म्हणायला लागले. जेवताना सांगायचा, आज एक झाकण सापडलं, जे मीच पूर्वी काढलं होतं आणि पार विसरलो होतो. एकाच मापाचे कपलर वेगवेगळ्या लोकांनी पुन्हा पुन्हा काढलेले सापडले. आपण सगळे किती वेळ फुकट घालवत होतो, असं म्हणून तो हसायचा.

हे त्याने मोठ्या साहेबांसमोर मांडलं. चांगलं इस्त्रीचं शर्ट घालून गेला होता. पडद्यावर एकेक भाग दाखवत त्याने सिद्ध केलं, की येत्या मॉडेलसाठी नवीन जवळजवळ काहीच काढावं लागणार नाही, सगळं आपल्याकडे आहे. टाळ्या पडल्या. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याला त्यांच्या नावाची निळी टोपी दिली. काही महिन्यांनी, गणपतीच्या आधी, साहेबांनी डिझाइनचं खातंच बंद केलं. सगळं आधीच काढलेलं असेल तर काढणारे कशाला हवेत, असा त्यांचा सरळ हिशेब. मला आजही वाटतं, इतकं हुशार व्हायची काही गरज नव्हती.

पहिला आठवडा तो बरा होता. मग आंघोळ दुपारी व्हायला लागली. मग खाली दूध आणायला जाणं बंद झालं, कारण लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं, आज सुट्टी वाटतं? नवरात्रात सोसायटीतला गरबा खिडकीतून दिसतो, तेव्हा त्याने खिडकी लावून घेतली. माझी सकाळची शाळा असते, चौथीला शिकवते मी. एक वाजता घरी यायचे तर हा सकाळी सोडला होता तिथेच, त्याच सोफ्यावर. मी समजूत घातली, चिडले, भांडी आपटली, रडूनही पाहिलं. तो फक्त "हो गं" म्हणायचा. दार उघडून बाहेर पाय टाकणं एवढंच मला त्याच्याकडून हवं होतं आणि तेवढंच होत नव्हतं.

त्याच्या हाताखाली शिकलेला एक सहकारी होता. त्याने मुलुंड पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला होता, प्लास्टिकचे सुटे भाग बनवायला. दिवाळीत फराळाला आला तेव्हा म्हणाला, "सर, एक टेबल तुमच्यासाठी रिकामं ठेवलंय. कधी येताय बोला."

नवरा म्हणाला, "येतो. रेस संपली की येतो."

"कसली रेस?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

तेव्हा कळलं. त्या सॉफ्टवेअर कंपनीने एका शिडाच्या बोटीवर आपलं नाव रंगवून घेतलं होतं. युरोपातून निघून अख्खा अटलांटिक ओलांडायचा, एका बोटीत एकच माणूस, अशी ती शर्यत. टोपीच्या आत वेबसाइटचा पत्ता छापला होता. तिथे निळ्या नकाशावर प्रत्येक बोटीचा एक ठिपका, आणि दर काही तासांनी तो पुढे सरकायचा. मी शाळेत असताना हा दिवसभर ते बघत बसत होता. त्याची बोट एक बाई चालवत होती, एकटी. ती बरीच मागे होती.

मला राग आला. ज्यांच्यापायी नोकरी गेली त्यांचीच टोपी घालून त्यांचीच बोट बघायची? पण त्याने तारीख दिल्यासारखं काहीतरी दिलं होतं, रेस संपली की. तेवढं मी घट्ट धरून ठेवलं. शाळेतून आले की पर्स टाकायच्या आधी विचारायचे, "कुठे पोचली तुझी बाई?" तो नकाशा दाखवायचा. ती दक्षिणेकडे का वळली, वारा कुठे पडलाय, सगळं समजावून सांगायचा. कितीतरी दिवसांनी तो इतकं बोलत होता. एका दुपारी मी चप्पल काढतेय तोवर आतून ओरडला, "इलो गो, वारो इलो!" गावची भाषा त्याच्या तोंडी फक्त आनंदात येते. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि त्याच्यासाठी शिरा केला. मला त्या बाईला हात जोडून सांगावंसं वाटत होतं, जरा लवकर हाक बाई तुझी बोट.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तिची डोलकाठी मोडली. बोटीत पाणी शिरलं. एका मालवाहू जहाजाने तिला उचलून घेतलं आणि बोट तिथेच सोडून दिली.

"ती वाचली ना?" मी विचारलं.

"ती वाचली. बोटीचं काय?"

"बोटीचं काय म्हणजे? संपली रेस."

"आपली बोट अजून चाललीय," तो म्हणाला.

खरंच चालली होती. बोटीवरचं यंत्र ठिकाण कळवतच होतं. नकाशावर तिचा ठिपका करडा झाला होता, पण सरकत होता. त्या पट्ट्यात वारा सदा पश्चिमेकडेच वाहतो, तेव्हा कुणी नसलं तरी ती हळूहळू तिकडेच जाणार, असं नवऱ्याने मला समजावलं. पहिला आला त्याची बातमी आली, मग बाकीचे आले, बक्षिसं वाटून झाली. त्याचं एकच, "आपली यायचीय अजून." त्याचा आवाज पुन्हा खाली गेला होता. टोपी मात्र डोक्यावर होती. त्या दिवसांत मला त्या बाईचा हेवा वाटायचा, स्पष्ट सांगते. बोट बुडणार असं दिसल्यावर तिला उतरता आलं, आणि जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही. मी मात्र रोज एक वाजता घरी येत होते.

अशात त्या सहकाऱ्याचा मला फोन आला. "वहिनी, रागावू नका. मोठी ऑर्डर आलीय. मी थांबलो हो सरांसाठी, पण आता एक मुलगा घेतलाय त्या टेबलावर. दुसरं टेबल टाकायला जागा नाही. तुम्हीच सांगा सरांना, माझ्याच्याने होणार नाही."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो सोफ्यावरून उठेल असा जो काही एक आणा विश्वास उरला होता, तोही गेला असता. मला आजही तसंच वाटतं.

मग एका सकाळी नकाशावर बोट नव्हती. त्याने पुन्हा पुन्हा पान उघडलं. नुसता निळा रंग. मी शाळेत जायच्या तयारीत होते, पर्स ठेवून त्याच्या मागे येऊन उभी राहिले.

"बुडाली का रे?"

"बॅटरी संपली असेल. बॅटरी संपली म्हणजे बोट बुडाली असं नसतं गं."

तो उठला. आंघोळ केली, दाढी केली, साहेबांसमोर घातलं होतं तेच शर्ट कपाटातून काढलं. टोपी काढून खुंटीला लावली. "डबा देतेस?" म्हणाला. "गाळ्यावर जातो."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. चपात्या केल्या, बटाट्याची भाजी केली, कोपऱ्यात लिंबाचं लोणचं घातलं. जाऊ नको म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याने दार उघडून बाहेर पाय टाकला. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका होते, त्यांच्याशी हा स्वतःहून बोलला. मी गॅलरीत धावले. गेटमधून बाहेर पडताना त्याने वर बघून हात केला.

मी लगेच सहकाऱ्याला फोन लावला. "ते येतायत. आज फक्त बसू द्या त्यांना, एवढं करा. परत पाठवू नका." तो म्हणाला, "या म्हणावं वहिनी, चहा पाजतो." तासाभराने त्याचाच फोन आला. आवाज पडलेला. सर आले होते. काचेच्या दारापर्यंत आले, टेबलावर बसलेला मुलगा बघितला, बाहेरूनच हात केला आणि निघून गेले. तो धावत जिना उतरून खाली गेला, तोवर सर दिसेनासे झाले होते.

तो दिवस कसा काढला ते लिहिता येत नाही. संध्याकाळी बेल वाजली. नवरा आत आला, बूट काढले, डबा ओट्यावर ठेवला. डबा रिकामा होता.

"कसं झालं?"

"बरं झालं. काम खूप आहे त्याच्याकडे."

"हो का," मी म्हटलं.

तेव्हापासून तो रोज जातो. रविवारी घरी असतो, आठवडाभर ऑफिस केल्यासारखा दमून झोपतो. कुठे बसतो, कुठे जेवतो, मला माहीत नाही. बूट पाहिले, त्यांना धूळ असते, ती मुलुंडभर एकसारखीच. मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. लिफ्टमध्ये शेजारी म्हणतात, बरं झालं वहिनी, लागले कुठेतरी. मी हसून मान हलवते आणि आमच्या मजल्यावर उतरते. दार लावून घेतलं की कधी कधी तिथेच, दाराशी, खाली बसते. ओरडावंसं वाटतं. पण ऐकायला घरात कुणी नसतं, तो कामावर गेलेला असतो.

काल संध्याकाळी मी डबा घासत होते. टोपीवर धूळ बसलीय, धुवायला टाकू का, असं विचारलं, तर नको म्हणाला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळला.

"उद्यापासून दोन चपात्या जास्त देशील?"

"भूक लागते का रे?"

"मला नाही," तो म्हणाला. "तिकडे अजून एक जण असतो. त्याला डबा नसतो."

कोण, ते मी विचारलं नाही. आज सकाळी कणीक जास्त मळली.