शेवटच्या अक्षरापासून रंगवलेली पाटी

डावा हात मला मायकडून मिळाला आणि तो लपवायचा कसा, हे गावाकडून. हिमायतनगरजवळच्या आमच्या गावात डाव्यानं जेवणं, डाव्यानं काही देणं म्हणजे समोरच्याचा अपमानच. शाळेत मास्तर माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायचे. चौथीपर्यंत माझं अक्षर म्हणजे चिखलातून पळालेली कोंबडी.

मग दुष्काळ पडला आणि शाळा सुटली ती सुटलीच. मायसोबत खडी फोडायला गेलो. पहिल्याच दिवशी उजव्यानं हातोडी मारून अंगठा सुजवून घेतला. मायनं इकडंतिकडं बघितलं.

"डाव्यानं फोड रं. दगडाला काय कळतंय?"

असं म्हणून तिनं स्वतःची हातोडीही डाव्या हातात घेतली. मी बघतच राहिलो. रोज उजव्यानं भाकरी वाढणारी माझी माय डावरी होती!

"कुनाला सांगू नगं," म्हणाली आणि हसत सुटली. दुष्काळाचं नाव निघालं की लोकांना भूक आठवते. मलाही आठवते, पण त्याआधी ते हसणं आठवतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी विशीत होतो. गावोगावच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं घालायचं होतं. पेंटर लोकांना दम घ्यायला वेळ नव्हता. ओळखीनं लातूरच्या एका उस्तादाकडं काम मिळालं. नांदेड गेलं, लोहा गेलं, अहमदपूर आलं, तरी मी एस.टी.त उजवा हात मांडीवर घेऊन त्याला समजावतच होतो, बाबा, आता तरी वळ.

उस्ताद म्हातारे होते, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. म्हणाले, "आठ दिवस बघतो. हात बसला तर राहा. न्हाई तर गावाकडं एस.टी. हायच."

सात दिवस मी उजव्यानं रंगवलं. "हे अक्षर शिंदी पिऊन उभं हाय का रे?" एवढंच ते विचारत. परत जाऊन मायला काय सांगणार?

आठव्या दिवशी अहमदपूरला एका कचेरीची पाटी होती. खडूनं 'लातूर' आखून देऊन उस्ताद चहाला गेले. मी ब्रश डाव्यात घेतला. पहिलं अक्षर झकास उतरलं, पण दुसरं काढताना मनगट ओल्या रंगावरून फिरलं आणि पहिलं पुसटलं. घाईघाईनं रॉकेलच्या चिंधीनं साफ केलं. मग म्हटलं, शेवटापासून सुरू करू. आधी 'र', मग 'तू', मग 'ला'. मनगट कोऱ्या पत्र्यावरून सरकत गेलं, कुठं डाग नाही.

मोंढ्यात धान्य विकायला निघालेले दोन शेतकरी थांबले. "पाव्हनं, उर्दू लिहून राहिले का?"

त्यांच्या हसण्यात आणखी एक हसणं मिसळलं. वळून बघतो तर उस्ताद. "चुकलं उस्ताद," म्हणत मी ब्रश झटकन उजव्यात घेतला.

त्यांनी जवळ येऊन तो माझ्या उजव्या हातातून काढला आणि डाव्यात दिला.

"माझा हात बी पहिल्यांदा ह्याच बाजूनं चालला. मराठी शिकताना दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला किती दिवस लागले, मलाच ठाव. तू कशाला तरास घेतो? ओढ डोक्यावरची रेघ."

मी रेघ ओढली. सरळ, एका दमात. मायनं दिलेला हात, गावानं बिघडवलेला, उस्तादानं परत केलेला. याहून वेगळी माझी ओळख मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीत माय पहिल्यांदा लातूरला आली. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, येताना एस.टी.तून दिसलेल्या प्रत्येक पाटीला तिनं माझीच धरलं होतं.

परक्या घरी जेवायला बसलो की अजूनही माझा उजवा हातच आधी वर येतो. पण त्या दिवाळीत माय दुकानावर आली तेव्हा उस्तादांनी तिच्यापुढं चहाचा कप केला. मायनं माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि भर दुकानात चार माणसांसमोर डावा हात पुढं केला.