पाऊण फुटाचा कंदील

पाचवीच्या पहिल्या चाचणीत माझ्या लेकीनं अपूर्णांकांचा अख्खा प्रश्न कोरा सोडला. चुकीचं लिहिलं असतं तर मी समजू शकले असते. पण कोरा! विचारलं तर शांतपणे म्हणाली, "लिहून चुकण्यापेक्षा न लिहिलेलं बरं ना. बाईंना तेवढंच कमी तपासायला लागतं."

असं उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं नसतं तरच नवल. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पर्स टेबलावर आणि मी तिच्यासमोर. सेमी इंग्लिशमुळे तिचं गणित इंग्रजीत, माझं मराठीत. ती म्हणायची, वन थर्डपेक्षा वन फोर्थ मोठा, कारण चार तीनापेक्षा मोठे. मी चपाती घेऊन बसले. चार भाग झकास झाले. तीन सारखे भाग करताना मात्र माझीच वाट लागली. एक भाग भला मोठा, एक किडुकमिडुक. लेकीनं मोठा उचलला, भाजीला लावला आणि म्हणाली, "हा वन थर्ड मला चालेल."

हसण्यावारी न्यायला माझी ना नव्हती. पण हळूहळू गणिताचं नाव काढलं की तिनं हातच आखडता घ्यायला सुरुवात केली. साधी तोंडी बेरीज विचारली तरी, "नाही येत मला," असं सरळ सांगून मोकळी. गुणांचं मला फारसं काही वाटत नव्हतं, गुण आज कमी उद्या जास्त. पण दहा वर्षांची पोरगी आपल्याला एखादी गोष्ट येतच नाही असं कायमचं ठरवून टाकते, याची मला खरीच भीती वाटत होती.

आमच्या चारकोपच्या घरात गणिताचा दुसरा एक दावेदार होता, माझे सासरे. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, असं आयुष्य काढून ते आता निवृत्त होऊन आम्हाला सल्ले देतात. बोलणं अजून अस्सल मालवणी. त्यांच्या गावच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घेत, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे. माझा आरडाओरडा ऐकून एकदा ते आतून झोपाळू सुरात म्हणायला लागले, "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन."

लेक एकदम थांबली. "आजोबा, हे काय गाणं आहे?"

गाणं म्हणूनच तिनं ते उचललं. अंघोळ करताना पाऊणकी, जिन्यात पाऊणकी, लिफ्टची वाट बघताना पाऊणकी. मी एकदा हळूच म्हटलं, हेच तर अपूर्णांक आहेत. तर म्हणाली, "नाही, हे आजोबांचं आहे." मी जीभ चावली आणि गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल ते माझं मलाच माहीत.

दिवाळी जवळ आली. आमच्याकडे कंदील विकत आणत नाहीत. नाक्यावर चिनी, प्लास्टिकचे, लुकलुकणारे, सगळ्या जातीचे लटकलेले असतात, पण सासऱ्यांचा कंदील घरचा, बांबूच्या कामट्यांचा. कामटी म्हणजे बांबू उभा चिरून काढलेली लवचीक पट्टी. सहा चौकोन बांधायचे, कोपऱ्याला कोपरा जोडायचा, वर पतंगाचा रंगीत कागद, खाली शेपट्या. वसुबारसेच्या संध्याकाळी तो गॅलरीत लागलाच पाहिजे. कामट्या गोराईहून यायच्या. तिथल्या एका जुन्या सोबत्याच्या वाडीत बांबूचं बेट आहे, तिथं सासरे फेरीबोटीनं जाऊन तीन-तीन फुटांच्या कामट्या तासून घेऊन यायचे.

यंदा निघताना त्यांनी नातीला विचारलं, "चौकोनाची बाजू पाऊण फूट. कामट्या किती होये, सांग बघू."

मी स्वयंपाकघरात जागीच थिजले. आता ती "नाही येत" म्हणणार. पण तिच्या ओठांवर पाऊणकी चालू झाली होती. "चार पाऊण तीन... म्हणजे एका कामटीचे चार तुकडे... चार तुकड्यांचा एक चौकोन..." आणि ती ओरडली, "सहा! एका कामटीचा एक चौकोन! सहाच लागतील!"

मला इतका आनंद झाला की मी पोह्यात दोनदा मीठ घातलं. महिन्याभरात तिनं आपणहून केलेलं ते पहिलं गणित होतं. तरी सवयीनं मी म्हटलं, "बाबा, आठ आणा. एखादी मोडली तर?"

"आठ कित्याक? नातीन सहा सांगल्यान, सहाच हाडतलंय," असं म्हणून ते चालू लागले. आणि खरंच मोजून सहा कामट्या घेऊन परत आले.

वसुबारसेचा दिवस सुट्टीचा होता. सकाळी हॉलमधल्या खुर्च्या मागे सारून दोघं जमिनीवर बसले. मी चकल्या तळत होते, पण कान बाहेर. सासऱ्यांची पद्धत अशी की एकेक कामटी कापत बसायची नाही. सगळ्यांची मोळी बांधायची, वरच्या कामटीवर खूण करायची आणि करवतीनं एकदम सगळ्या कापायच्या, म्हणजे तुकडे हुबेहूब सारखे येतात. त्यांनी घरातली कापडी टेप कामटीला लावून नातीला दाखवलं, "ह्या बघ, धावर खूण मार," आणि स्वतः कागद चिकटवायची खळ शिजवायला आत आले. टेप सारखी सुरळी होत होती म्हणून तिनं आपल्या शाळेची स्टीलची फूटपट्टी काढली. शून्य काठाला नीट लावलं, बाईंनी शिकवलं होतं तसंच, आणि दहावर पेन्सिलीनं खूण केली. आजोबा बाहेर येऊन कापत गेले. पुन्हा खूण, पुन्हा करवत. पुन्हा खूण, पुन्हा करवत.

तिसऱ्यांदा कापल्यावर सासऱ्यांच्या हातात जी मोळी उरली, ती ते उलटसुलट करून बघायला लागले. मी झारा घेऊनच बाहेर आले. चौथा तुकडा व्हायला हवा होता तिथं नुसता आखूड बुंधा राहिला होता. तोही एक नाही, सहाच्या सहा कामट्यांचा. आमच्या पद्धतीत एक चूक झाली की ती सहापट होते.

"चेडवा, कामट्या कमी पडल्या गो," सासरे म्हणाले. रागानं नाही, पण म्हणाले.

लेकीचा चेहरा झरझर उतरला. तिनं पट्टी लांब भिरकावली. "मी सांगितलेलं ना! मला येतच नाही! आठ आणायला पाहिजे होत्या!" आणि गॅलरीत जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मला तिचा राग आला, सासऱ्यांचा आला, बांबूचाही आला. आणि रागाच्या भरातच मी गणित पुन्हा केलं. सहा चौकोन, प्रत्येकाला चार काड्या, चोवीस. एका कामटीत चार पाऊण, म्हणजे तीन फूट. सहाच! कुठंही चूक नाही. मी गॅलरीच्या दिशेनं इतक्या जोरात ओरडले की खालच्या काकूंनी मान वर करून पाहिलं. "तुझं गणित बरोबर आहे गं! सहाच लागतात! चूक दुसरीकडेच कुठेतरी झालीय, ती शोध!"

ती वळली. डोळे पुसले नाहीत, नाक ओढलं आणि आत येऊन जमिनीवर बसली. एका कामटीचे चारही तुकडे तिनं एकामागे एक मांडले, जणू ती कामटी अजून कापलीच नव्हती. भिरकावलेली पट्टी शोधून आणली. मोजलं. "दहा. दहा. दहा. सहा. तीस आणि सहा, छत्तीस. म्हणजे तीन फूट बरोबर आहे." मग पट्टीवर बोट फिरवत बसली. "फुटाचे बारा इंच. पाव फूट म्हणजे तीन. पाऊण म्हणजे तीन पाव, तीन त्रिक..." तिचे डोळे मोठे झाले. "नऊ! पाऊण फूट म्हणजे नऊ इंच! आजोबा, तुम्ही दहा का सांगितलंत?"

"मी नऊच सांगलंय."

"नाही! तुम्ही म्हणालात धा!"

"अगो, टेपीवर धा म्हणजे नऊच!"

आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. आमच्या घरातली ती टेप सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या काळातली. टोकाची पत्र्याची चिमटी गळाली आणि तिच्याबरोबर पहिला इंचही फाटून गेला, त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. नवीन टेप आणायचं कोणाच्या मनातही आलं नाही. घरातला प्रत्येक मोठा माणूस ती एकापासून लावतो आणि शेवटी मनातल्या मनात एक वजा करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिला ब्लाउज घट्ट झाला तेव्हा कळलं. आता आम्हाला त्याची इतकी सवय झालीय की ते सांगायचं असतं हेच आम्ही विसरलोय.

मी हसत सुटले. सासरे आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. "पयलो इंच नसलेली टेप, आणि शून्यापासून मोजणारी नात! कंदील होतलो कसो?"

लेक मात्र हसत नव्हती. तिला आता वेगळाच जोर चढला होता. चूक आपली नाही हे कळलं होतं, पण संध्याकाळी कंदील लागायलाच हवा होता आणि कामट्या परत जोडल्या जाणार नव्हत्या. सासरे म्हणाले, सगळे तुकडे नऊला कापू आणि उरलेले सांधू. तिनं मान हलवली. "दहाचे तुकडे अठरा आहेत. नऊ केले तरी अठराच. अठरात चारच चौकोन होतात, वर दोन काड्या उरतात. छोटे दोन-दोन सांधले तरी तीनच वाढतील, सहावा चौकोन होत नाही."

"मग बांबू आणायला परत गोराईला जायचं का?" मी म्हटलं.

ती ऐकत नव्हती. आखूड बुंधे एका बाजूला, लांब तुकडे दुसऱ्या बाजूला, असे दोन ढीग तिनं केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आतून चकल्या करपल्याचा वास आला. करपू देत, म्हटलं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "छोटे सहा इंचांचे आहेत. ते सहा आहेत." मग आवाज चढत गेला. "मोठे पण सगळे सहाचेच केले तर? अठरा आणि सहा..." ती ताडकन उठून उभी राहिली. "चोवीस! चोवीस, आजोबा! सगळे अर्ध्या फुटाचे! बरोबर चोवीस होतात!"

ती उड्या मारत होती. मी पण मारल्या, खोटं कशाला सांगू. चाळिशीची बाई हातात झारा घेऊन हॉलमध्ये नाचतेय, हे समोरच्या बिल्डिंगनं बघितलं असेल तर बघू देत. सासऱ्यांनी टाळ्या पिटल्या आणि मोळी पुन्हा बांधली. या वेळी खूण करायच्या आधी लेकीनं टेप उचलून खिडकीच्या गजाला बांधून टाकली आणि फूटपट्टीनं सहावर रेघ मारली. मग आजोबांना म्हणाली, "हे खरोखरचे सहा आहेत."

दुपारभर तिघं दोरा गुंडाळत बसलो. चौकोन जुळले, कोपऱ्याला कोपरा चपखल बसला. कागद अजून कापलेला नव्हता हे नशीबच. कंदील नेहमीपेक्षा लहान झाला, पण असा गुबगुबीत, गोजिरवाणा की मला तोच जास्त आवडला. पिवळा आणि लाल कागद खळीनं ताणून बसवला. ऊन उतरायला लागलं होतं. आता खालच्या शेपट्या तेवढ्या राहिल्या होत्या.

सासऱ्यांनी कागदाची घडी मांडीवर घेतली आणि नातीला विचारलं, "शेपट्ये किती लांब कापू गो? दरवर्षी दीड फूट असतत. पण ह्यो कंदील लहान झालो मां."

एरवी कुठलाही आकडा सांगायच्या आधी ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. बरोबर आहे का चूक, ते माझ्या भुवयांवरून तिला कळतं, आणि मी किती दाबलं तरी माझ्या भुवया बोलतातच. आज ती कंदिलाकडे बघत होती. "नऊच्या जागी सहा झाले, म्हणजे तीन भागांतले दोन. मग शेपट्यापण तीन भागांतले दोन. एक फूट कापा, आजोबा."

सासऱ्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी अजून मनातल्या मनात दीडाचे तीन भाग करतच होते, तोवर कात्री चालूही झाली होती.