पडदा मीच पाडलाय

चिमटाबाईंना चिमटाबाई का म्हणतात, यावर गल्लीत दोन मतं आहेत. एक मत असं की त्यांच्या अंबाड्यात लॅपटॉपचे स्क्रू उचलायचा बारीक चिमटा कायम खोवलेला असतो, म्हणून. दुसरं मत असं की अंबाड्याचा काही संबंध नाही, सगळा संबंध जिभेशी आहे. दोन्ही मतं खरी आहेत, आणि बाईंना दोन्ही ठाऊक आहेत.

नवरा बोटीवर इलेक्ट्रिशियन. घरी यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची यंत्रं उघडायचा आणि अर्धवट सोडून परत बोटीवर जायचा. शेवटी बाईंनी रागाच्या भरात ती जोडायला घेतली, तर जुळली की. आता घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, भिंगाचा दिवा आणि तीन खुर्च्या, एवढ्यावर त्यांचं दुकान बारा वर्षं चाललंय. मागच्या स्वयंपाकघरात सासूबाई असतात. त्यांना गुडघ्यांमुळे चालता येत नाही, पण कान असे की पुढच्या खोलीत टाचणी पडली तरी कुठल्या कोपऱ्यात ते सांगतील.

बाईंची खरी दौलत म्हणजे बटणांच्या डब्यातले पाच पेन ड्राइव्ह. प्रत्येकात एकेक आख्खी चालती यंत्रणा भरलेली. गिऱ्हाइकाला त्या समजावून सांगायच्या, "तुमच्या लॅपटॉपचं डोकं फिरलंय असं वाटलं की मी त्याला गप्प बसवते आणि हे उसनं डोकं लावून मशीन चालू करते. चाललं, तर अंग धडधाकट, डोकंच गेलंय. नाही चाललं, तर दुखणं अंगात." मग डोकं गेलेलं निघालं की जुनं पुसायचं आणि नवं भरायचं. मात्र मालकाला तोंडाने विचारल्याशिवाय पुसायचं नाही, हा त्यांचा नियम. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नणंदेचा लॅपटॉप न विचारता पुसला आणि भाच्याचे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गेले. नणंद अजून बोलते, पण जरा मोजून.

तर एका मंगळवारी पावणेदहाला एक गृहस्थ पांढरी काठी टेकत दुकानात आले. गळ्यात पिशवी, पिशवीत लॅपटॉप. "नमस्कार ताई," एवढंच म्हणाले आणि बाईंनी आवाज ओळखला. कुणीही ओळखला असता. मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला की एकोणीस वर्षं ऑपरेटर म्हणून हाच आवाज 'बोला' म्हणायचा. बाईंच्या मोठ्या मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा याच आवाजाने सांगितलं होतं की घाबरू नका, मागच्या गेटने या, तिथे गाडी थेट आत येते.

"भाऊ, बसा. काय झालंय?"

"सकाळपासून बोलत नाहीये," ऑपरेटर म्हणाले. "आणि मला दोन वाजता परीक्षा आहे."

हॉस्पिटलने फोन जोडून देणारं नवं यंत्र बसवलं होतं. चार ऑपरेटर होते, आता एकच माणूस ठेवणार होते, तोही नुसते फोन जोडायला नाही, तर रुग्णांच्या शंका ऐकून, माहिती शोधून, उत्तर द्यायला आणि नोंद लिहायला. त्याची आज परीक्षा. समोर तीन साहेब, आणि आपापला कॉम्प्युटर घेऊन यायचं. "पाच वर्षांचं सगळं यात आहे," ते म्हणाले. "हे नसेल तर मी तिथे जाऊन काय करू? आणि हो, पडद्याचं काही बघू नका. पडदा मीच पाडलाय."

आता बघा, इथे काय झालं. बाईंकडे येणारी निम्मी माणसं असंच सांगतात, मशीन बोलत नाही. म्हणजे बंद पडलंय. आणि 'पाडलाय' म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे लॅपटॉप धाडकन फरशीवर पडला. दुसरा कुणी असता, तर त्यांनी किती उंचावरून पाडला, कुठल्या कोपऱ्यावर पडला, सगळी उलटतपासणी घेतली असती. पण या माणसाला, डोळे नसलेल्या माणसाला, कसं पाडलंत म्हणून विचारायचं? बाईंची जीभ आयुष्यात पहिल्यांदा आखडली. त्यांनी लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह क्षणभर चमकलं आणि मग काळोख. बाण नाही, रेघ नाही, काही नाही.

"मार लागलाय खरा," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी डब्यातला हिरवा पेन ड्राइव्ह काढला, खोचला, मशीन बंद करून पुन्हा चालू करताना वरच्या रांगेतलं बटण टिकटिक दाबत राहिल्या आणि यादीतून उसनं डोकं निवडलं. दोन मिनिटांत पडदा लख्ख उजळला. बाई खूश. "भाऊ, काळजी सोडा. पडदा ठणठणीत आहे."

"असणारच," ऑपरेटर जरा गोंधळून म्हणाले.

"डोकं तेवढं बिघडलंय. तुमची कागदपत्रं आधी बाजूला काढते."

कागदपत्रं बाहेर काढायला दीड तास लागला. ऑपरेटर खुर्चीत ताठ बसून राहिले. दर थोड्या वेळाने बोटाने घड्याळाचे काटे चाचपायचे. सासूबाईंनी आतून हाक मारून चहा घेणार का विचारलं, तर नको म्हणाले. साडेअकरा झाले. बाईंनी दुसरा, लाल पेन ड्राइव्ह लावला, पुसून नवं भरायचा. समोर शेवटचं बटण आलं. बोट त्यावर ठेवून त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "भाऊ, कागदपत्रं सगळी काढलीत. आता पुसू का?"

"पुसल्यावर बोलेल?"

"बोलेल म्हणजे, दिसेल सगळं."

"ताई, मला दिसून काय करायचंय?"

बाईंनी बोट असं उचललं की बटण तापलंय म्हणावं.

"हे मशीन," ऑपरेटर सावकाश म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं, "मला वाचून दाखवतं. त्यात वाचणारा आवाज आहे. मी बोट ठेवतो, तो बोलतो. प्रत्येक डॉक्टरचं आडनाव, प्रत्येक औषधाचं नाव कसं उच्चारायचं ते मी त्याला पाच वर्षं एकेक करून शिकवलंय. सकाळपासून तो आवाज बंद आहे. पुसलं तर तो शिकलेलाही जाईल का?"

जाणार होता. बाईंनी काढलेल्या कागदपत्रांत ते शिकवलेलं काही नव्हतं, ते मशीनच्या कुठल्यातरी आतल्या कप्प्यात होतं. "मग तो काळा पडदा?"

"तो मीच पाडलाय म्हटलं ना. त्या वाचणाऱ्या आवाजातच सोय आहे, पडदा पाडायची. मशीन चालू असतं, लोकांना नुसतं काळं दिसतं."

स्वयंपाकघरातून सासूबाई बोलल्या, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दोन तास म्हैस बिचारी बघतेय."

"आई, कळलं मला," चिमटाबाई म्हणाल्या. कान लाल झाले होते. चूक कुठे झाली ते त्यांना पक्कं कळलं. चूक मशीन बघण्यात झाली नव्हती. एक साधा प्रश्न दयेपोटी गिळला, तिथे झाली होती. लाल पेन ड्राइव्ह उपटून त्यांनी डब्यात टाकला आणि हिरवा परत लावला.

यावेळी पडद्याचं सोडून फक्त आवाज तपासायचा असं ठरवून त्यांनी उसन्या डोक्यावर एक गाणं लावलं. पडदा उजळलेला, गाणं सुरू असल्याची रेघ पुढे सरकतेय, आणि आवाज नाही. उसन्या डोक्यावरही आवाज नाही, म्हणजे डोकं शाबूत. पुसून काडीचा उपयोग झाला नसता, वर पाच वर्षांचं शिकवलेलं वाया गेलं असतं. दुखणं अंगात होतं. आणि मग त्यांना कोपऱ्यात हेडफोनचं इवलंसं चित्र दिसलं. हेडफोन तर कुणी लावलाच नव्हता.

"भाऊ, काल हेडफोन लावला होतात?"

"मुलीचा. सराव करायला. वायर पायात अडकली आणि निघून आला."

"अर्धाच निघून आलाय." बाईंनी भिंगाचा दिवा ओढला. हेडफोनच्या भोकाच्या तळाशी पिवळं टोक चमकत होतं. मोडलेला तुकडा आत बसला होता, आणि मशीन बापडं अजून कुणीतरी कानाला लावून ऐकतंय असं समजून त्या तुकड्यातच बोलत होतं.

चिमटा आत जाईना. बाईंनी बॉलपेनची रिकामी रिफील कापली, तोंडाला लवकर सुकणाऱ्या गोंदाचा ठिपका लावला, श्वास रोखून आत घातली आणि तुकड्यावर टेकवून धरली. आता दहा मिनिटं हलायचं नाही. सव्वाबारा वाजले होते.

"पडदा का हो पाडलात?" बाईंनी विचारलं. हात अडकले होते, जीभ मोकळी झाली होती.

"सुरुवातीला टायपिंग शिकताना फार चुका व्हायच्या. मागे कुणीतरी येऊन उभं राहायचं आणि हसायचं. मला वाटायचं, कशाला हसताहेत? मग कळलं. त्या दिवसापासून पडदा खाली."

बाईंना त्या हसणाऱ्यांचा असा राग आला की रिफील हलता हलता राहिली. दहाची पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी ती सावकाश ओढली. टोकाला चिकटून पिवळा तुकडा बाहेर आला. हिरवा पेन ड्राइव्ह काढला, मशीन त्याच्या स्वतःच्या डोक्यावर चालू केलं. पडदा काळाच. पण मशीन बोललं. भराभर, खणखणीत, बाईंना एक अक्षर कळणार नाही अशा वेगाने. ऑपरेटरांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग हसले, आणि डोळे पुसले.

"एक सांगू?" बाई म्हणाल्या. "आज पडदा वर ठेवा. समोर तीन डोळस माणसं बसणार. काळ्या पाटीकडे बघून त्यांना काय कळणार तुम्ही काय करता ते? मी बारा वर्षं हेच काम करते, मला नाही कळलं."

"चुका दिसतील, ताई."

"दिसू देत."

ऑपरेटरांची बोटं बटणांवर नुसती ठेवलेली होती. मग तीन बटणं एकदम दाबली गेली आणि पडदा वर गेला. विभागांची लांबलचक यादी, नेटकी, एकाखाली एक. बाईंनी ती बघितली, आणि मधेच त्यांची नजर एका ओळीवर अडली. 'ह्रुदयरोग विभाग'. खाली पुन्हा, 'ह्रुदय तपासणी'. आणखी खाली, पुन्हा. 'हृदय' काय नि 'ह्रुदय' काय, ऐकायला दोन्ही सारखंच, मशीन दोन्ही सारखंच वाचणार. बाईंनी तोंड उघडलं. घड्याळात एक वाजत होता. आत्ता कशाला हिरमोड, असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं आणि रिक्षा बोलवायला बाहेर गेल्या.

पुढचे चार तास त्यांनी एकही मशीन धड जोडलं नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, भाऊंचा फोन आला का, आणि बाई दोन्ही वेळा त्यांच्यावर खेकसल्या. पाचला आला.

"ताई, मला ठेवलं," तो आवाज म्हणाला.

बाईंनी आत सांगायला तोंड वळवलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं मी, सांगायला नको."

"तीनही साहेब खुर्च्या सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले," ऑपरेटर सांगत होते. "बघत होते. कुणी हसलं नाही. त्यांत एक बाई होत्या, त्या शेवटी म्हणाल्या, तुम्ही हृदय हा शब्द चुकीचा लिहिलाय, ह ला र जोडून उकार दिलाय, तिथे ऋ हवा. ताई, पाच वर्षं मी तो शब्द दिवसातून दहादा तरी लिहितो. कुणी सांगितलं नाही. लगेच सगळीकडे सुधारला मी, त्यांच्यासमोर. फार बरं वाटलं."

चिमटाबाईंना आता गप्प बसणं सोपं होतं. आनंदाचा फोन होता, कुणी काही विचारत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "भाऊ, मला दिसलं होतं. तुम्ही निघायच्या आधी. मी बोलले नाही."

"का हो?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

एकोणीस वर्षं सगळ्यांना धीर देणारा तो आवाज म्हणाला, "मग उद्या या आमच्याकडे चहाला. यादी सहाशे ओळींची आहे. पडदा वर ठेवतो. जे दिसेल ते सगळं सांगा."

"सगळं?"

"तुम्हाला चिमटाबाई म्हणतात ना? ऐकून आहे मी."

"येते," बाई म्हणाल्या. "पण रडायचं नाही मग."