झेनॉनची चूक

जगातलं कुठलंही लग्न, कुठलंही भांडण आणि कुठलीही फारकत इलेक्ट्रॉनमुळेच होते, असं मनापासून मानणारा माणूस फक्त आमच्याच नात्यात जन्मला असावा. हे माझे मामेसासरे. अकोल्याला जठारपेठेत राहतात. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी, पगार काही विचारलं नाही. बराच वेळ न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "पोरगा सोडियम हाये. शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तो कोणाले देऊ असं याले होऊन राहिलं. आपली पोरगी क्लोरीन, तिले एकच कमी. जमते." अमरावतीहून इस्त्रीचे कपडे घालून आलेला मी, कुठे पाहावं ते मला कळेना. पंगतीत बसले की ते वाढप्याला थांबवून ताटात भजी गोल मांडायचे. "आठ झाले का अणूचं पोट भरते. मंग तो शांत. कोणाच्या दारात जात नाई." माझी बायको मागून त्यांचा सदरा ओढायची, भजी गार व्हायची, आणि वाढपी पुढे जाऊ का मागे, या विचारात उभा राहायचा.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला. मामा रंगात आले. आठ खुर्च्या मागवून, आठ जणांना बसवून त्यांनी भरलेलं कवच दाखवलं. "हे राजवायू. यायले कोणाची गरज नाई. म्हणून ते कोणासंगच संयुग करत नाईत. कोणासंगच."

पुढच्या रांगेतून त्यांचीच एक विद्यार्थिनी उठली. ती आता कॉलेजात शिकवते. अगदी अदबीनं म्हणाली, "सर, झेनॉन करतो. त्याचं शेवटचं कवच केंद्रकापासून फार दूर असतं, त्यामुळे पकड ढिली पडते. मग फ्लोरीन त्याचे इलेक्ट्रॉन ओढतो. आता पुस्तकातही आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामा "हो का" म्हणाले आणि खाली बसले. शाल एका खांद्यावरून लोंबत होती, ती त्यांनी सावरली नाही. मी शेजारीच होतो, आणि समारोपाच्या टाळ्या संपेपर्यंत माझ्या चपलांकडे पाहत होतो.

घरी आल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, एका पोरानं मले वर्गात हेच विचारलं होतं. सर, कोणीच नाई करत का, एकबी नाई? मले वाटलं, टवाळी करून राहिला. तास सरेपर्यंत बाहेर उभं केलं त्याले."

तो पोरगा आता बडनेऱ्याला भाजीचं दुकान चालवतो, हे त्यांनी सत्कारालाच कोणाकडून तरी काढून घेतलं होतं. पुढच्या रविवारी ते गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. दुकानदारानं लगेच ओळखलं. हात पँटला पुसून पाया पडला. मामांनी तिथंच, वांग्यांच्या ढिगापुढे उभं राहून झेनॉन सांगितला, फ्लोरीन सांगितला, ढिली पकड सांगितली. "तू बरोबर होता. मी चुकलो."

तो डोकं खाजवत हसला. "सर, बाहेर उभं केलं ते याद हाये. काय विचारलं होतं ते नाई याद. मले वाटे, मी काईतरी वंगाळ बोललो असन. मंग मी विचारनंच सोडून देल्लं."

मामांनी हात जोडले. त्यानं घाईघाईनं ते खाली केले. "सर, गिऱ्हाइकं पाहून राहिले." आणि मेथीच्या दोन जुड्या त्यांच्या पिशवीत कोंबल्या.

स्टेशनवर मी उन्हाबद्दल बोलून पाहिलं, गर्दीबद्दल बोलून पाहिलं. मामा बाकावर बसून पिशवीतल्या मेथीच्या जुड्या सारख्या करत होते. मग म्हणाले, "उत्तर माहीत नव्हतं, ते चालते. पन माहीत नाई, असं म्हनता आलं असतं मले."

अकोल्याची गाडी आली. मी खिडकीतून पिशवी आत दिली. शेजारच्या प्रवाशानं जागा करून देता देता सहज विचारलं, "काय करता तुमी, काका?"

"काई नाई," मामा म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन बाहेर पाहत राहिले.